पाणी गार होईपर्यंत

नाना, बारा वाजून दहा मिनिटांनी मी गॅस बंद केला. आता साडेबारा होताहेत. पातेलं तुमच्या कवळ्यांच्या लॅबच्या मागच्या ओट्यावर आहे, पातेल्यात फ्लास्क, म्हणजे साचा दाबून ठेवायचा पितळी डबा, आहे, आणि माईंनी वरून पोळ्यांचा तवा पालथा घातलाय. "आता तू तिकडे जाऊ नको," असं मला बजावून त्या दारातच पाट टाकून गवार मोडत बसल्यात. मी इकडे तुमच्या स्टुलावर. पुढ्यात शंभर पानी वही. पाणी गार व्हायला तीन-चार तास जातील. तोवर हाताला काही काम नसलं तर मी उठणार, तवा बाजूला करणार आणि फ्लास्क नळाखाली धरणार. मला माझी खात्री नाही. तुम्हाला तर कधीच नव्हती.

तुम्हाला जाऊन आज सतरा दिवस झाले. मी परवा पोचलो. आधी रजा मिळाली नाही, मग तिकीट मिळालं नाही, हे मी माईंना सांगितलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. तुम्हाला सांगत बसत नाही. तुम्ही म्हणाला असता, "कारण सांगानं तं एकच सांग भो, दोन सांगं का खोटं वाटस." उद्या सकाळच्या बसने जळगाव, तिथून रेल्वेने परत कोइम्बतूर. म्हणजे जे व्हायचं ते आजच.  गॅसचा नॉब बंद आहे हे मी तीनदा पाहून आलोय, चौथ्यांदा माईंनी जाऊ दिलं नाही.

परवा मी आलो तेव्हा माईंनी चहाच्या आधी फ्लास्कच हातात दिला. तुम्ही ठेवला होता तसाच, क्लॅम्पमध्ये आवळलेला. त्यांनी त्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती.

"गोकुळ, यामा कोना दात शेतस रे?"

"माहीत नाही, माई."

"कोनी म्हतारं बिना दातनं बशेल व्हई. भाकर दूधमा भिजाडीसन खात व्हई बिचारं."

इतक्या दिवसांत माईंना हीच काळजी लागून राहिली होती. त्यांनी शेजारच्या पोराकरवी दातांच्या सगळ्या डॉक्टरांना निरोप धाडून विचारलं होतं. सगळे म्हणाले, आमच्या कवळ्या पोचल्या. एकच डॉक्टर म्हणाले, पाहून सांगतो, आणि त्यांचा निरोप काही आलाच नाही. आता तुमचा नियम मला ठाऊक होता. कवळीच्या प्लास्टरवर तुम्ही जांभळ्या पेन्सिलीने पेशंटचं नाव लिहायचे, तळहाताएवढ्या गाड्या करायचे त्यांवर काही लिहायचे नाहीत. या फ्लास्कवर नाव नव्हतं. मी माईंना म्हटलं, ही गाडीच असणार. तर त्या बायकोच्या हक्काने म्हणाल्या, आताशा नाना विसरायचे, भाजीत मीठ टाकलं का नाही ते मला विचारायचे. मग माझ्या मनातही पाल चुकचुकली. खरंच एखाद्या आजोबांचे दात असले तर?

नाना, तुमचं जग असं होतं की त्यात दात आणि गाडी यांतला फरक उघडल्याशिवाय कळायचा नाही.

पहिल्यांदा आलो तेव्हाही हेच झालं होतं. मी गिऱ्हाईक म्हणून आलो होतो. नरडाण्याच्या कारखान्यातलं कंत्राट संपून मी खोलीवर बसून होतो. आई यावलहून आली होती. नवी कवळी टोचते म्हणून तिने तीन दिवस नुसती कढी पिऊन काढले होते. डॉक्टर म्हणाले, सरळ लॅबवर जा, नाना घासून देतील. तुम्ही आईला याच स्टुलावर बसवलंत.

"अक्का, कोठे टोचस?"

"अठी टोचते भाऊ, या अंगाले. अन् हसलं का खाली येते."

"मंग कमी हसा."

आई इतकी हसली की कवळी खरंच खाली आली. तुम्ही ती घासायला घेतलीत आणि मी भिंतीवरच्या फळीकडे पाहत राहिलो. पांढऱ्या प्लास्टरच्या जबड्यांची रांग, आणि त्यांच्या मधोमध एक लाल गाडी. माझ्या तळहाताएवढी. टप कापून बुटका केलेला, पुढचं इंजिन उघडं, मागची चाकं मोठी नि पुढची लहान. जुन्या काळातली गाडी कुणीतरी चिडवून ठेवल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, "भाऊ, ही कोणाच्या तोंडात बसते?"

तुम्ही मोटर बंद केलीत. नंतर मला कळलं की कुणी गाडीबद्दल विचारलं की तुमची मोटर बंद व्हायचीच, मग पेशंट कितीही घाईत असो. तुम्ही सांगितलंत की परदेशात लोक पन्नास-पन्नास वर्षांची भंगारातली गाडी आणतात, तिचा टप कापतात, मोठं इंजिन घालतात आणि पळवतात. तिला हॉट रॉड म्हणतात. "जुनाटले तरणं करतस. आपला धंदाच तो," असं म्हणत तुम्ही आईची कवळी तिच्या हातात दिलीत. ती या खेपेला टोचली नाही. आणि मी चार दिवसांनी परत आलो, यावेळी आईशिवाय, काम मागायला. शाळा किती, विचारलंत. नववीतून सोडली, म्हटलं. तुम्ही म्हणालात, "नववीपावत दातबी बठ्ठा येल नसतंस. चाली."

तुमच्या मुंबई-पुण्याच्या शौकीन मित्रांकडे गाड्यांच्या पेट्या येतात, आत प्लास्टिकचे सुटे भाग, कागदावर छापलेले आकडे. ते फोनवर विचारायचे, "नाना, तुमचं स्केल कुठलं?" तुम्ही म्हणायचे, "कवळीनं." ते गमतीत घ्यायचे, पण ते अक्षरशः खरं होतं. तुमच्या फ्लास्कमध्ये एक जबडा मावतो, म्हणून गाडीही तेवढीच. हिशेब केला तर खऱ्या गाडीचा त्रेचाळिसावा हिस्सा. तुम्ही गाडी मेणात कोरायचे, कवळी कोरतात त्याच सुरीने. मग मेणाची गाडी प्लास्टरमध्ये घालून फ्लास्क बंद. गरम पाण्याने मेण काढून टाकलं की आत गाडीएवढी पोकळी उरते, तिच्यात हिरड्यांचं गुलाबी प्लास्टिक भरायचं, आणि फ्लास्क पाण्यात शिजवायचा. रंग दिला नाही तोवर तुमची प्रत्येक रेसची गाडी हिरडीच्या रंगाची असायची. टायर म्हणजे पॉलिशची रबरी चाकं. सायलेन्सर म्हणजे कवळी दाताला अडकवायची तार. पुढचे दिवे दाताच्या रंगाचे, आणि त्यातही तुम्ही छटा निवडायचे: ही गाडी म्हातारी आहे, हिला जरा पिवळट दे.

माई आत्ता विचारताहेत, पान भरलं का. अर्धं झालंय म्हटलं. "मंग लिख."

हा तुमचाच नियम, नाना, आणि तो कुठून आला ते मला आज लिहायचंच आहे. आपण याविषयी एकदाही बोललो नाही.

तुमच्याकडे येऊन मला वर्ष होत आलं होतं. तुम्ही दोन महिने खपून एक रेसची गाडी कोरली होती, लांब नाकाची, एका माणसाची. फ्लास्क शिजवून झाला आणि तुम्ही डॉक्टरांकडे गेलात. जाताना सांगितलंत, पाण्यातच गार होऊ दे. मी एकटा राहिलो. मला माझा स्वभाव माहीत आहे. निकालाच्या दिवशी मी शाळेत गेलो नव्हतो, कारण निकाल लागेपर्यंत थांबणं मला जमलं नसतं. नापास झालो असं समजून मी परस्पर कामाला लागलो, तो परत वर्गात बसलोच नाही. त्या दिवशी तसंच झालं. आत गाडी नीट झाली असेल की बुडबुडे आले असतील? मला बसवेना. मी चिमट्याने फ्लास्क उचलला, गार पाण्याच्या नळाखाली धरला आणि उघडला.

गाडी सुंदर आली होती. एक बुडबुडा नव्हता. मी ती टेबलावर ठेवली तर ती डुगडुगली. अचानक गार झाल्याने पीळ पडला होता, पुढचं उजवं चाक कधीच जमिनीला टेकणार नव्हतं.

तुम्ही आलात, गाडी हातात घेतलीत, टेबलावर ठेवलीत, बोटाने दाबलीत. ओरडला नाहीत. त्या दिवशी ओरडला असतात तर बरं झालं असतं, नाना. तुम्ही फक्त दुसऱ्या दिवशी एक वही आणलीत. "फ्लास्क गार व्हस तोवर लिखाणं. पान भराशिवाय फ्लास्कले हात लावाना नही."

"काय लिहू?"

"जे मनमा व्हई ते. हात गुतना म्हंजे मन गप्प राहस."

मी नववीतून निघालेला माणूस. पहिलं पान भरायला मला फ्लास्क गार होऊन वर तासभर लागला. काय जेवलो, कोणती कवळी घासली, बाहेर रिक्षावाल्यांचं काय भांडण झालं, असलं काहीही. तुम्ही ते वाचायला मागायचे नाहीत, मलाच मोठ्याने वाचायला लावायचे, आणि एकही चूक न काढता फ्लास्क माझ्या हातात द्यायचे. सात वर्षांत किती फ्लास्क झाले असतील? तितकी पानं मी लिहिली. कोइम्बतूरला माझ्या बरोबरीचे लोक बारावी, पदवी झालेले आहेत, आणि घरी पत्र, अर्ज, काही लिहायचं असलं की मराठीवाले चार जण माझ्याकडे येतात. मी तुम्हाला हे कळवलं नाही. कळवायला हवं होतं.

पण ती वाकडी गाडी तुम्ही टाकली नाहीत. पिवळा रंग दिलात आणि फळीवर नाही, तर इथे टेबलावर ठेवलीत, माझ्या डोळ्यांसमोर. सात वर्षं. दुसरी कर म्हटलं तर नाही म्हणालात. मला वाटायचं, हा टोमणा आहे. तोंडाने बोलायचं नाही म्हणून रोज दाखवताहेत. मी त्या गाडीकडे न पाहता काम करायला शिकलो. काल माईंनाच विचारून टाकलं, नाना ही गाडी टेबलावर का ठेवायचे?

"वीजनं बिल उडस म्हणून."

"काय?"

"बाकीन्या गाड्या लोटतस ना रे. पंखा लाया का पयी जातस. ही एक जागावरून हालत नही. बिल दाबाले चांगली."

मी हसलो का रडलो मला सांगता येत नाही. सात वर्षं मी एका पेपरवेटला घाबरलो. तरी नाना, एक शंका अजून आहेच. माई तेच सांगतील जे त्यांनी पाहिलं. तुमच्या मनात दुसरं काही होतं का, हे आता मला कोण सांगणार?

एक वाजून वीस. मी पातेल्याला हात लावून आलो, माई पाणी प्यायला उठल्या तेव्हा. अजून चटका बसतो.

आपलं खरं भांडण उजव्या बाजूचं. रद्दीत सापडलेल्या एका परदेशी मासिकातल्या फोटोंवरून तुम्ही गाड्या करायचे, आणि त्या मासिकातल्या सगळ्या गाड्या डावीकडून काढलेल्या होत्या. उजवी बाजू तुम्ही कधी पाहिलीच नव्हती. तुम्ही डावीवरून उजवी कोरायचे, आरशात दिसते तशी. मी मोबाइलवर त्याच गाड्यांची दुसरी बाजू शोधून काढली. तिथे सायलेन्सर नव्हता, कुठे झाकण वेगळं होतं. तुम्हाला दाखवलं तर तुम्ही चष्मा काढून ठेवलात.

"तो फोटो तुना, गाडी मनी."

"नाना, खरी गाडी अशी नाही."

"खरी तू देखी? नही ना? मीबी नही देखी. मंग दोन्ही सारखाच."

मला राग यायचा. ज्या माणसाला कवळीत केसाएवढा फरक चालत नाही त्याने गाडीची अख्खी बाजू मनाने करावी? तुम्ही म्हणायचे, कवळी दुसऱ्याच्या तोंडात जाते, गाडी माझ्या डोक्यातून येते. हे भांडण इतकी वर्षं चाललं की डॉक्टरसुद्धा आपल्याला विचारायचे, आज उजवी का डावी?

आणि मग तुम्हीच मला घालवलंत. हो, मी घालवलंत असंच म्हणणार. कुणीतरी सांगितलं की कोइम्बतूरला मोठ्या लॅबमध्ये मशीनवर दात कापतात, माणसं घेताहेत, शिकवतातही. मी दुर्लक्ष केलं. तुम्ही माझ्यासाठी फोन केलात, मला न विचारता.

"तुना जागे मी राहतू तं कव्हय गया असतू."

"मले नाही जायचं, नाना. मले अठीच बरं आहे."

"उद्या मी नही राहिनू तं तू काय करशी?"

"तुम्ही कोठी जाऊन राह्यले?"

 बसस्टँडवर माझी बॅग वर चढवलीत, खिडकीशी आलात आणि तिथल्या लोकांची भाषा कशी असते यावर काहीतरी बोललात. मी मान हलवली. माझ्या मनात एकच होतं: वाकड्या चाकाची गाडी टेबलावर राहिली आणि मला बाहेर काढलं. तीन महिने मी तुम्हाला फोन केला नाही. तुमचे दोन आले, मी उचलले नाहीत. हे मी माईंना सांगितलेलं नाही. तुम्ही सांगितलं असेल तर त्यांनी तसं दाखवलं नाही.

तिकडचं काम स्वच्छ आहे, नाना. पांढऱ्या ठोकळ्यातून मशीन दात कापून काढतं, मी पडद्याकडे पाहतो. प्लास्टर नाही, मेण नाही, गार होण्याची वाट पाहणं नाही. तुम्हाला वाटेल माझ्यासारख्याला हेच बरं. उलट झालं. पूर्वी धास्ती फ्लास्क गार झाला की संपायची, आता ती संपायला काही वेळच ठरलेली नाही. पण पोट भरतंय, आईला पैसे जातात, आणि लॅबमधल्या लोकांनी मला दोनदा नवीन मशीनवर बसवलं. तुमचं बरोबर होतं. हे वाक्य मी तीन वर्षं टाळत आलो होतो.

तिकडे जाऊन तीन महिने झाले होते तेव्हा एकदा चहाच्या टपरीसमोर ट्रकवर बांधलेली रेसची गाडी दिसली. खरी. मी धावत जाऊन चारी बाजूंनी फोटो काढले. ड्रायव्हर विचारत होता, कशाला? मला तिकडची भाषा अजून नीट येत नाही, मी नुसता हात जोडत फिरत होतो. तिच्या नाकाच्या उजव्या बाजूला हवा आत घ्यायला एक कान होता, माशाच्या कल्ल्यासारखा. डावीकडे काही नव्हतं. मी त्याच जागेवरून तुम्हाला फोन लावला. तीन महिन्यांनंतरचा पहिला फोन, आणि मी ना क्षमा मागितली ना तब्येत विचारली.

"नाना, मी खरी देखी! अन् दोन्ही बाजू सारख्या नाहीत!"

 तुम्ही म्हणालात, "जेवना का?"

त्यानंतर आपण दर आठवड्याला बोललो, पण त्या फोटोंवर नाही. मी विचारलं की तुम्ही म्हणायचे, पाहिले नाहीत, डोळे बरे नाहीत, मोबाइल माईंकडे आहे. शेवटच्या फोनवर म्हणालात, एक गाडी फ्लास्कमध्ये घालतोय. कुठली? "येशी तव्हय देख." मी म्हटलं, दिवाळीला येतो.

म्हणून काल सकाळी मी क्लॅम्प सोडवता सोडवता थांबलो. आत गाडी असेल तर मेण गरम केल्याशिवाय फ्लास्क उघडत नाही, आणि गरम केलं की मेण राहत नाही. तुमच्या हातचं कोरीव काम पाहायचं तर ते घालवावं लागणार. मी माईंना म्हटलं, नको उघडू या, असंच राहू दे तुमच्याजवळ. त्या म्हणाल्या, "आन् त्या म्हताराना दात?" मी पाणी तापत ठेवलं.

पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवला. सुरीचं पातं फटीत घालून हळूच पिळलं. दोन अर्धे वेगळे झाले.

दात नव्हते.

माई पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "बरं झाय बाई." त्यांचा इतक्या दिवसांचा घोर संपला आणि माझा सुरू झाला. खालच्या अर्ध्यावर तुमची गाडी उभी होती. लाल मेणाची, मऊ पडलेली, कडा चकाकत होत्या. रेसची. लांब नाक. आणि नाकाच्या उजव्या बाजूला कान. एकच. डावीकडे सपाट.

तुम्ही फोटो पाहिले होते.

मी मोबाइल काढला, वाफेने काच धुरकटली, पुसून पुन्हा धरला तोवर गाडीचं नाक खाली झुकायला लागलं होतं. जास्तीत जास्त अर्धं मिनिट मी ती पाहिली असेन. कान कोरताना सुरी दोनदा घसरल्याच्या खुणा होत्या, तुमच्या सुरीच्या मी कधीच न पाहिलेल्या. डोळ्यांचं तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तसल्या डोळ्यांनी, मोबाइलच्या पडद्यावरून, जी बाजू आयुष्यभर मनाने केलीत ती तुम्ही माझ्या फोटोवरून केलीत. आणि मला सांगितलं नाहीत. का नाही सांगितलं, नाना? मी काय जिंकल्यासारखं नाचणार होतो? नाचलोही असतो.

मग मी तिच्यावर उकळतं पाणी ओतलं. तेच करायचं असतं. मेण वितळून लाल पाणी मोरीत गेलं.

आता जे आत आहे ते माझ्या हातचं आहे, आणि म्हणून मी घाबरलोय. काल दुपारी गुलाबी प्लास्टिकचं पावडर-लिक्विड बरणीत कालवलं, झाकण लावलं, बोट लावून पाहत राहिलो. बोटाला चिकटून दोरे सुटतात तोवर ते कच्चं असतं; दोरे थांबेपर्यंत थांबलो, घाई केली नाही. गोळा भरला, कागद घालून दाबला, बाहेर आलेलं कापलं, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा क्लॅम्प आवळताना आतून बारीकसा कट्ट आवाज आला. प्लास्टरचा असेल, क्लॅम्पचा असेल. मला वाटलं, आतला भाग तुटला. मी स्क्रूचा शेवटचा अर्धा आटा दिलाच नाही. तुम्ही असतात तर माझ्या हातावर हात ठेवून दिला असता. आज सकाळी शिजवायला ठेवलं तेव्हाही देऊ शकलो असतो. नाही दिला. पूर्वी घाईने बिघडवलं, यावेळी भीतीने बिघडवलं असेल.

तीन वाजले. माईंची गवार चढली, त्या तवा काढून घेऊन गेल्या. जाताना पाण्यात बोट बुडवून म्हणाल्या, "गार शे."

मी ऐकलं. उठलो नाही.

चार वाजायला आले, नाना. पाणी कधीच गार झालंय. मी पाच पानं भरली आणि सहाव्यावर आहे. ज्याला पाच मिनिटं थांबवत नव्हतं तो तासभर नुसता बसलाय. हे उघडलं की तुम्ही अर्धवट सोडलेलं काहीच उरणार नाही. ही शेवटची वस्तू आहे जी अजून झालेली नाही.

"गोकुळ, झोपना का तठे?"

"नाही माई."

"मंग उघाड ना. मीबी कव्हयनी वाट देखी राहिनी का नही?"

उघडलं.

हातोडीच्या लाकडी टोकाने प्लास्टरला चारी बाजूंनी हळू ठोके. दोनदा थांबलो. तिसऱ्या ठोक्याला वरचं प्लास्टर सुटलं आणि गाडी बाहेर आली, गुलाबी, अंगाला प्लास्टर चिकटलेली. जुन्या ब्रशने धुतली. टेबलावर ठेवली. डुगडुगत नाही. नाक आहे. कान आहे, उजवीकडे, तुमची सुरी घसरली होती त्या दोन्ही रेघांसकट. मागच्या चाकाच्या वर, इंजिनाच्या झाकणाच्या कडेला प्लास्टिक पोचलेलं नाही. तांदळाच्या दाण्याएवढं भोक आहे. अर्धा आटा.

माईंनी ओले हात लुगड्याला पुसून गाडी तळहातावर घेतली. त्यांनी तुमच्या गाड्यांना कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांचा अंगठा फिरत फिरत बरोबर तिथे थांबला.

"हाई काय शे?"

"ते माझं. मी घाबरून कमी दाबलं."

"भरता नही येस?"

"येतं, माई. दुरुस्तीची पावडर आहे. पण ती रंगाला जरा वेगळी असते. भरलेलं कायमचं दिसेल. वरून रंग दिला तरी मला दिसेल."

माईंनी गाडी टेबलावर ठेवली, वीजबिलांच्या शेजारी. "दिखू दे ना मंग," त्या म्हणाल्या, आणि भाजी उतरवायला आत गेल्या.

छोट्या वाटीत चिमूटभर पावडर घेतलीय, नाना, वर चार थेंब लिक्विड. अजून दोरे सुटताहेत.